फावडे आणि वीस वर्षे

‘त्याने काय होणार आहे?’ हा आपल्याकडे प्रश्न म्हणून क्वचितच विचारला जातो. तो निकाल असतो. तुंबलेले गटार असो, ग्रामसभा असो की लांबलेला पाऊस, हे चार शब्द उच्चारले की बोलणे खुंटते. ‘होईल सगळे ठीक’ या वाक्यानेही तेच घडते. आशावाद आणि निराशावाद हा आपण बहुधा स्वभावाचा भेद मानतो. वर्धा जिल्ह्याचा इतिहास चाळताना मात्र हा भेद आम्हांला निराळ्याच जागी दिसू लागला.

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले. मगनवाडीजवळच्या सिंदी या खेड्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः मीराबेन यांनी, सफाईचे काम हाती घेतले. गावकरी उदासीनच राहिले. झाडलेले रस्ते पुन्हा घाण होत. या उदासीनतेला अज्ञान म्हणणे सोपे आहे. आम्हांला ती अनुभवातून आलेली वाटते. बाहेरून येणारा माणूस एक तर वसुलीला येतो किंवा उपदेशाला, आणि दोन्ही आटोपले की निघून जातो, हे खेड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. तेव्हा खेड्याचा निराशावाद हा एक हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

हिशेब खोटा ठरवायचा तर न जाणे हाच एक मार्ग उरतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहावयास गेले. त्याच वर्षी हिवतापाने त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात आणले. बरे होताच ते शेगावातच परतले. याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले.

याहून बोलके उदाहरण सुरगावचे आहे. पवनारला राहणारे विनोबा १९४६ पासून खांद्यावर फावडे घेऊन रोज पायी सुरगावी जात आणि मैला उचलत. हे काम वीस वर्षे करावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. आज जी मुले आहेत ती तोवर कर्ती होतील, असा त्यामागचा साधा विचार. गाव उद्या सुधारेल, असे येथे गृहीतच धरलेले नाही. उद्या काहीही बदलणार नाही, हे निराशावाद्याचे म्हणणे विनोबांनी जवळजवळ मान्य केले होते. फक्त त्यावरून निघणारा निष्कर्ष त्यांनी बदलला. प्रत्यक्षात वीस वर्षे मिळाली नाहीत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये त्यांना निर्वासितांच्या कामासाठी जावे लागले.

मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. या रोगावर खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. सल्फोन औषधांचा उपयोग पुढच्या दशकात सुरू झाला. रोज जखमा धुणाऱ्या हातांना ते औषध येणार आहे हे ठाऊक नव्हते. औषध आले तेव्हा ते देण्यासाठी जागा, माणसे आणि रुग्णांचा विश्वास मात्र तयार होता.

येथे एक आक्षेप आम्हांला टाळता येत नाही. विनोबांनी मैला उचलला तो स्वेच्छेने. जातीने ज्यांच्या माथी ते काम मारले त्यांना वीस वर्षांच्या संकल्पाचे कौतुक कोणी सांगावे? तसेच शेतकऱ्याचे. कापसाच्या या जिल्ह्यातील आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्ध्याचेही नाव आले. कोरडवाहू जमीन, कर्जाचे बियाणे आणि बेभरवशाचा भाव यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला ‘आशा सोडू नका’ म्हणणे ही क्रूरता आहे. दर जूनला तो पुन्हा पेरतो. आशेचा त्याचा वाटा त्याने केव्हाच दिलेला आहे. देणे उरले आहे ते आपले.

म्हणून आम्हांला वाटते, की आशा ही दुसऱ्याला सांगावयाची गोष्ट नव्हे. ‘त्याने काय होणार आहे?’ असे कोणी म्हणाले तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचा हिशेब बहुधा बरोबर असतो. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा तेथे जावे, आणि तिसऱ्याही दिवशी. त्या हिशेबात न धरलेली बाब तेवढी एकच असते.