इंटरफेसच्या क्रमांकाची कुळकथा

रात्री कधीतरी राउटर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सकाळी निरीक्षणाच्या पडद्यावर सगळे आलेख हलत असतात, कुठेही लाल खूण नसते. फक्त ‘मुख्य इंटरनेट लाइन’ या नावाखाली चाललेली रेघ आता भलत्याच पोर्टची असते. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा बिघाड हाच, कारण यात काहीच बंद पडत नाही. आकडे येत राहतात, ते फक्त दुसऱ्याचे असतात. या बिघाडाचं मूळ १९८८ साली लिहिलेल्या एका वाक्यात आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट झपाट्याने वाढत होतं आणि दूरच्या राउटरची तब्येत विचारायला सर्वमान्य पद्धत नव्हती. तीन प्रस्ताव स्पर्धेत होते. एप्रिल १९८८ मध्ये व्हिंट सर्फ यांनी लिहिलेल्या आरएफसी १०५२ या दस्तऐवजात निवाडा आला: दूरच्या काळासाठी आयएसओच्या मानकांवर उभी राहणारी व्यवस्था घडवावी, आणि तोवर काम भागवायला एसएनएमपी हा प्रोटोकॉल वापरावा. हेम्स या तिसऱ्या प्रस्तावाच्या कर्त्यांनी आपला दावा आपणहून मागे घेतला होता. त्यांच्या या मोठेपणाची आठवण ठेवायला हवी. तात्पुरता म्हणून स्वीकारलेला एसएनएमपी मात्र आजही जगभरातल्या स्विच-राउटरांत चालू आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दस्तऐवज निघाले. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी प्रोटोकॉल लिहिला. कीथ मॅक्लॉग्री आणि मार्शल रोझ यांनी, उपकरणाला नेमकं काय काय विचारता येईल याची यादी केली. तिलाच एमआयबी म्हणतात. ही यादी मुद्दाम आखूड, शंभराच्या आसपास नोंदींची ठेवली होती, म्हणजे उपकरण बनवणाऱ्यांना ती पूर्ण अमलात आणणं जड जाऊ नये. त्यातला एक तक्ता इंटरफेसचा. प्रत्येक इंटरफेसला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला एक क्रमांक, तोच इफइंडेक्स. आत आलेल्या बाइट्सचा रकाना १.३.६.१.२.१.२.२.१.१० आणि ओळ तिसरी असेल, तर त्यापुढे ३ जोडायचा. उपकरणांची स्मृती तेव्हा तुटपुंजी होती, आणि लांब नावांपेक्षा लहान आकड्याने ओळ शोधणं सोपं होतं. माझ्या मते तेव्हाच्या परिस्थितीत हाच निर्णय योग्य होता.

आता ते वाक्य. हा क्रमांक १ पासून एकूण इंटरफेसच्या संख्येपर्यंत असेल आणि उपकरणातल्या निरीक्षणयंत्रणेच्या एका सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत तरी तो बदलणार नाही, एवढंच वचन त्यात दिलं आहे. पुढच्या सुरुवातीनंतरचं काहीही सांगितलेलं नाही. शाळेत दरवर्षी हजेरीपट नव्याने लिहिला की मुलाचा क्रमांक बदलतो, मूल तेच राहतं. तसाच हा क्रमांक. लिहिणाऱ्यांनी मर्यादा स्वच्छ सांगितली होती. वापरणाऱ्यांनी मात्र तो क्रमांक कायमचा धरला.

१९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबियास एटिकर काम करत होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यातून एमआरटीजी जन्मला: दर पाच मिनिटांनी राउटरला आकडा विचारायचा आणि आलेख काढायचा. त्याच्या मांडणीच्या फाइलीत लक्ष्य लिहायचं ते सुरुवातीला इंटरफेसच्या क्रमांकानेच. एमआरटीजी जगभर पसरला आणि त्याबरोबर हजारो फायलींमध्ये असे आकडे कोरले गेले. नवं कार्ड बसवलं किंवा राउटर पुन्हा सुरू केला की आलेख एकमेकांच्या जागी जाऊन बसत. म्हणून एमआरटीजीने नंतर दुसऱ्या वाटाही दिल्या. आयपी पत्ता, इथरनेट पत्ता, वर्णन किंवा नाव, यांपैकी काहीही द्या, क्रमांक तो स्वतः शोधेल. नावावरून क्रमांक शोधण्याची ही युक्ती, म्हणजेच डायनॅमिक इंडेक्स, इथे रोजच्या वापरात आली.

मानकाची मंडळीही गप्प नव्हती. जानेवारी १९९४ च्या आरएफसी १५७३ ने क्रमांक सलग असण्याची अट काढली, कारण डायल-अपमुळे इंटरफेस येत-जात होते. एकदा वापरलेला क्रमांक पुढच्या सुरुवातीपर्यंत दुसऱ्या इंटरफेसला द्यायचा नाही, हेही स्पष्ट झालं. सोबत इफनेम आला, म्हणजे उपकरणाच्या कन्सोलवर दिसणारं छोटं नाव. १९९७ च्या आरएफसी २२३३ मध्ये इफएलियास आला. इफएलियास माणसाने लिहायचा असतो आणि उपकरण पुन्हा सुरू झालं तरी तो पुसला जाता कामा नये. मानकातलं त्याचं उदाहरणच टेलिफोन कंपनीच्या सर्किट क्रमांकाचं आहे. या साऱ्या कुळात मला इफएलियास सगळ्यात मोलाचा वाटतो. बाकीची नावं यंत्राने यंत्रासाठी ठेवलेली. ही लाइन कुणाची आणि कशासाठी, हे फक्त इथे कळतं.

पुढे कॅक्टी या आलेख काढणाऱ्या साधनाने उपकरण पुन्हा सुरू झालं का हे ओळखून क्रमांक पुन्हा तपासायची सोय केली. त्याची खूण म्हणजे sysUpTime, ‘सुरू होऊन किती वेळ झाला’ तो आकडा, मागे गेला का. पण हा आकडा शतांश सेकंदांत आणि ३२ बिटांत मोजला जातो, म्हणून तो सुमारे ४९७ दिवसांनी आपसूक शून्यावर येतो आणि तितके दिवस न थांबलेला राउटरही नुकताच सुरू झाल्यासारखा दिसतो. अलेक्सेई व्लादिशेव यांच्या झॅबिक्स या निरीक्षणप्रणालीने शोधाचं वाक्यच ओआयडीत, म्हणजे वरच्यासारख्या अंकांच्या पत्त्याच्या जागी, लिहायची सोय दिली: रकाना हा, नावांचा रकाना तो, आणि नाव अमुक. सर्व्हर नावांचा रकाना चालून जातो, जुळलेल्या नावाच्या ओआयडीचं शेपूट, म्हणजे शेवटचा क्रमांक, उचलतो आणि मोजणीच्या रकान्याला लावतो. सापडलेला क्रमांक तो लक्षात ठेवतो, पण पुढच्या वेळी त्या जागी तेच नाव आहे ना हे विचारून घेतो. विचारणा दुप्पट होते, पण भलत्याच पोर्टचा आकडा येत नाही.

हा शोध फसतो तेव्हा कारण बहुतेक वेळा नावातच असतं. जुळणी अक्षरशः होते, त्यामुळे शेवटी एक मोकळी जागा किंवा न दिसणारा शून्य-बाइट असला तरी नाव जुळत नाही. रकाना चालून दाखवणाऱ्या एसएनएमपीवॉक या आदेशाने मजकुराऐवजी हेक्स आकडे दाखवले तर तिथेच संशय घ्यावा. दुसरं कारण दुहेरी नावं. एकाच जातीची दोन कार्डं एकच वर्णन सांगतात आणि शोधाला हवं ते कार्ड कोणतं हे कळत नाही. तिथे वर्णन सोडून इफनेम किंवा इफएलियास धरावा. चालू प्रोग्रामांच्या तक्त्यात तर हे ठरलेलंच. तिथला क्रमांक म्हणजे शक्यतो प्रक्रियेचा स्वतःचा क्रमांक, आणि एकाच प्रोग्रामच्या दहा प्रती चालू असतात. सर्व्हरवर एमआयबीची फाइल नसेल तर रकान्याचं शब्दांतलं नाव उलगडत नाही, तेव्हा अंकांतला ओआयडीच द्यावा. स्विचच्या ब्रिज-तक्त्यात आणखी एक अडचण आहे. तिथले पोर्ट क्रमांक वेगळे असतात आणि ते इफइंडेक्सशी जोडणारा स्वतंत्र रकाना आहे. तो वगळून थेट जोड लावली तर आकडे खरे दिसतात, पण चुकीच्या पोर्टचे असतात.

तपासाची वाट एकच आणि ती हाताने चालावी. आधी नावांचा रकाना सबंध चालून पाहावा, हव्या नावाचं शेपूट टिपावं, मग तेच शेपूट लावून मोजणीचा आकडा मागावा. दोन आकडे थोड्या अंतराने घेऊन फरक काढावा आणि उपकरणाच्या कन्सोलवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. वेगवान लाइनवर ३२ बिटांचा मोजक वापरू नये. १ गिगाबिटला तो ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो आणि मग तपासच चुकतो. सिस्कोसारखी उपकरणं क्रमांकांची यादी कायमच्या स्मृतीत जपू शकतात, पण ती सोय अनेकदा मुद्दाम चालू करावी लागते.

मे २०१४ मध्ये आरएफसी ७२२३ आला. यांग भाषेत लिहिलेल्या या नव्या नमुन्यात इंटरफेसच्या यादीची किल्ली म्हणजे नाव. क्रमांक त्यात आहे, पण इफ-इंडेक्स या फक्त वाचता येणाऱ्या बाजूच्या नोंदीत, आणि उपकरण जुना इंटरफेस-तक्ता पुरवत असेल तरच. आज एकाच स्विचमध्ये दोन्ही व्यवस्था सोबत चालतात. नवी यंत्रणा नावाने विचारते आणि जुना आलेख १९८८ च्या तक्त्यातली ओळ मागतो. या दोघांचा मेळ इफ-इंडेक्सची ती एक नोंद घालते.