यंदा सिंधुदुर्ग करा!

शुऐबाच्या बंदरात नाहीतर कारखान्यात ड्युटी आणि मंगाफ-फहाहीलला बिऱ्हाड असलेल्या आई-बाबांनो, दिवाळी आली. गावाहून पेपरात गुंडाळून आणलेली किल्ल्याची चित्रं आता बाहेर निघतील. कुणाची मान तुटलेली, कुणाचा भाला गायब. टाकून देऊ नका! पोरांना शेजारी घेऊन जोडायला बसा.

बोटाएवढ्या सैनिकांचं वेड जगभर आहे. लंडनच्या ब्रिटन कंपनीनं १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई काढले, आणि एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये त्यांच्या लढाईचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिलं. तिथं दोन फौजा समोरासमोर असतात. आपल्या किल्ल्यावर मात्र मावळ्यांबरोबर भाजीवाली, गवळण, शेतकरी आणि गुहेतला वाघही लागतो. कारण गड म्हणजे नांदतं घर होतं.

इथं लाल माती नाही, म्हणून यंदा सिंधुदुर्ग करा. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम सुरू केलं. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज असे सगळे समुद्रावर टपलेले. बंदर रोज बघणाऱ्या पोरांना हे लगेच कळतं. आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारट पाणी आणि आत गोडं! नळाला येणारं पाणी समुद्राचं खारेपण काढून येतं, हे माहीत असलेल्या कुवेतच्या पोराला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता चित्रं. प्लास्टरच्या तुटक्या भागावरची धूळ पुसा, फेविकॉल लावा, दोऱ्यानं बांधून रात्रभर ठेवा. मग प्रत्येक चित्र बाटलीच्या झाकणावर चिकटवा, झाकणाला फेविकॉल फासून वर धुऊन वाळवलेली वाळू भुरभुरवा. अळीव पेरून पाणी मारलं तरी चित्राचे पाय भिजत नाहीत, पंख्याच्या वाऱ्यानं ते आडवंही होत नाही.

फेविकॉल वाळेपर्यंत एकच प्रश्न विचारा: "हा कोण, आणि इथंच का उभा?" शिवकाळात गड एकाच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत, हिशेबाला सबनीस, धान्य-दारूगोळ्याला कारखानीस. एक फितला तरी गड जाऊ नये, म्हणून ही वाटणी. मग पोरगं स्वतःच ठरवेल: एक जण दरवाज्यावर, एक धान्याच्या कोठारापाशी आणि एक विहिरीवर.

२०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्गही आहे. शाळेच्या पुस्तकात आपल्या मुलांना हे कितपत भेटेल, कोण जाणे. घरातल्या किल्ल्यात मात्र भेटेल, पण तो आपणच रात्री जागून करून टाकला नाही तर! फोटो जरा वाकडा आला तरी चालेल. मावळा कुठं उभा करायचा, ते मात्र पोरांनाच ठरवू द्या.

तुमच्याकडे यंदा कुठला गड? कमेंटमध्ये सांगा.