अभ्यासाची पुस्तकं : दारुल तर्जुमा ते मोबाईल

मागे कुणीतरी विचारलं होतं, "हैदराबादेत कॉलेजची मराठी पुस्तकं तुम्ही आणायचात तरी कुठून?" म्हणून हे थोडं सविस्तर.

आपल्या शहरात हा प्रश्न जुनाच. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. पण वर्गात नेमायला उर्दू पुस्तकंच नव्हती, म्हणून आदल्या वर्षीच दारुल तर्जुमा हा भाषांतराचा विभाग काढला होता. इतिहास, गणित, विज्ञान, वैद्यक, सगळं उर्दूत आलं. मराठवाड्यातली कितीतरी मुलं तीच पुस्तकं वाचून पदवीधर झाली. आमचे आजोबा त्यांतलेच. घरात मराठी, हिशोब मोडीत आणि अर्थशास्त्र उर्दूत! पोलीस ॲक्शननंतर माध्यम बदललं आणि ती पुस्तकं अभ्यासक्रमातून गेली.

आमच्या वेळी अडचण उलटी. एम.ए.ला मराठी घेतलं, पण नेमलेली पुस्तकं पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून यायची. ग्रंथालयात प्रत एक आणि आम्ही सहा जणी. मग पानंच्या पानं वहीत उतरवून काढायची. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर एखादी जुनी प्रत सापडली की दिवाळीच.

या शतकाच्या सुरुवातीला मिलियन बुक प्रोजेक्ट आला. इथली ट्रिपल आयटी त्यातलं एक मोठं केंद्र. उस्मानियाच्या ग्रंथालयातली पुस्तकंही स्कॅन झाली. आज इंटरनेट आर्काइव्हवर जुनं मराठी पुस्तक उघडलं की बरेचदा पहिल्या पानावर उस्मानियाचीच परतीच्या तारखेची चिठ्ठी दिसते! जी प्रत मिळवायला आम्ही रांगेत असायचो, ती आता नाशिकचा मुलगासुद्धा फुकट वाचतो.

पण सगळंच सोपं झालं असं नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे नवी नेमलेली पुस्तकं अशी मिळायला नकोत, आणि ती विकत घ्यावीत हेच बरं. शिवाय स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि मोबाईलवर डोळे दुखतात. माझी भाची म्हणते, "मावशी, पीडीएफ आहे गं, पण वाचून होत नाही."

म्हणून एक विनंती. माळ्यावर आजोबा-पणजोबांची क्रमिक पुस्तकं असतील, मराठी किंवा उर्दू, तर रद्दीत घालू नका. उर्दू वाचता येत नाही म्हणून तर मुळीच नको. आधी नाव आणि साल बघा, इथे फोटो टाका. कदाचित ती प्रत कुठेच स्कॅन झालेली नसेल.