स्त्रीबीजसाठ्याची मोजणी : एका वैद्यकीय संकल्पनेचा इतिहास

वय वाढते तशी स्त्रीची गर्भधारणेची शक्यता घटते, ही जाणीव फार जुनी आहे. मात्र तिचे कारण अंडाशयातील बीजांच्या संख्येत शोधणे आणि ती संख्या जिवंत शरीरात मोजणे, ही कल्पना अर्वाचीन होय. या इतिहासात ‘किती बीजे उरली?’ आणि ‘गर्भ राहील काय?’ हे दोन भिन्न प्रश्न वारंवार एकच मानले गेले.

सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडाशयात ओळखले. स्त्रीबीजे जन्मानंतर नव्याने निर्माण होत नाहीत, असे प्रतिपादन हाइनरिश वाल्डायर यांनी १८७० मध्ये केले. त्यावरील वाद दीर्घकाळ चालला. अखेर १९५१ मध्ये सॉली झुकरमन यांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी करून वाल्डायर यांच्या बाजूने कौल दिला. ‘साठा’ या शब्दाला खरा अर्थ येथून प्राप्त झाला. ज्यात भर पडत नाही, त्याचीच शिल्लक पाहावी लागते. (२००४ मध्ये उंदरांवरील संशोधनाने हा वाद पुन्हा उकरून काढला, परंतु बहुसंख्य अभ्यासकांचे मत बदलले नाही.)

टी. जी. बेकर यांच्या १९६३ च्या गणनेनुसार गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्यात बीजपेशी सुमारे ७० लाख असतात, तर जन्मसमयी सुमारे २० लाख उरतात. फॅडी व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ३८व्या वर्षाच्या सुमारास ऱ्हासाचा वेग एकाएकी वाढतो असे मांडले. हॅन्सन व सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासाने ही कलाटणी नाकारली. वेग क्रमाक्रमानेच वाढतो, असे त्यांना आढळले. तरीही ‘अडतिशीची सीमा’ लोकमानसात कायम राहिली.

या गणना शरीराबाहेर काढलेल्या अंडाशयांवरच शक्य होत्या. त्यामुळे चिकित्सालयात अप्रत्यक्ष निर्देशक शोधावे लागले. १९८० च्या दशकात मासिक पाळीच्या तिसऱ्या दिवशीचे एफएसएच संप्रेरक, त्यानंतर सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान पुटिकांची संख्या आणि २००२ पासून एएमएच हे संप्रेरक पुढे आले. एएमएचचा उगम मोठा विलक्षण आहे. आल्फ्रेड जोस्त यांनी १९४७ मध्ये सशाच्या भ्रूणांवर केलेल्या प्रयोगांतून नरभ्रूणाच्या वृषणातील स्राव म्हणून त्याचा माग लागला होता. स्त्रीमध्ये ते वाढीस लागलेल्या लहान पुटिकांतून स्रवते, सुप्त पुटिकांतून नव्हे. म्हणजेच ही चाचणी कोठार मोजत नाही. कोठारातून बाहेर पडणाऱ्या धान्यावरून त्याचा अंदाज बांधते.

कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांत औषधांनी किती बीजे हाती येतील, हे सांगण्यास हा अंदाज उपयुक्त आहे. नैसर्गिक गर्भधारणेसाठी मात्र तो लागू पडत नाही. स्टाइनर व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया होत्या. कमी एएमएच असलेल्यांची गर्भधारणेची शक्यता कमी आढळली नाही. वयाचा मुख्य आघात बीजाच्या गुणवत्तेवर, विशेषतः गुणसूत्रांच्या विभाजनावर होतो, आणि रक्तातील कोणताही आकडा तो दाखवत नाही. म्हणूनच तरुण दात्रीचे बीज वापरल्यास प्रौढ स्त्रीलाही गर्भधारणेत दात्रीच्या वयाला साजेसे यश मिळते. असे असूनही निरोगी तरुणींना ‘जननक्षमतेची चाचणी’ म्हणून एएमएच विकले जाऊ लागले, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्या आकड्यावरून अशा स्त्रियांना भावी जननक्षमतेबाबत सल्ला देऊ नये, असे स्पष्ट केले.