सामायिक टोंक

न्यू जर्सींतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत, १९४७ सालच्या डिसेंबर महिन्यांत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचीं दोन टोंकें अगदीं जवळजवळ टेंकविलीं, आणि आंत दिलेला क्षीण संकेत बलवान् होऊन बाहेर पडला. हाच पहिला ट्रॅन्झिस्टर. त्याला टोंकें तीन: एमिटर, बेस व कलेक्टर. परंतु संकेताला आंत येण्यास दोन तारा लागतात व बाहेर पडण्यासही दोन. चौघांचें काम तिघांवर आलें म्हणजे एकाला दोन्ही घरची चाकरी करणें भाग पडतें. ही चाकरी करणारें टोंक कोणतें, यावरूनच वर्धकाचें नांव ठरतें.

हा विचार व्हाल्वच्या काळापासून चालत आलेला होता. तेथें ग्रिड, कॅथोड किंवा प्लेट यांपैकीं एक जमिनीशीं जोडलेलें मानीत. त्याच धर्तीवर रायडर व कर्चर यांनीं १९४९ सालीं ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्यें ट्रॅन्झिस्टरच्या तिन्ही रचना तपासल्या. पहिल्या ट्रॅन्झिस्टरांत बेस सामायिक होता. त्या जातींत कलेक्टरच्या प्रवाहांतील फरक एमिटरच्या प्रवाहांतील फरकाहून मोठा असे. म्हणून एमिटर सामायिक केल्यास वर्धक अस्थिर होण्याची भीति असे. शॉक्ले यांच्या सिद्धांतावर आधारलेला संधि-ट्रॅन्झिस्टर १९५१ सालीं जाहीर झाला. त्यांत हें प्रमाण एकाहून किंचित् कमी असल्यानें ती भीति ओसरली, आणि सामायिक एमिटर हीच रचना सर्वाधिक रूढ झाली.

‘जमिनीशीं जोडलेला’ हा जुना शब्द मात्र आकृति वाचणाऱ्यास फसवितो. कलेक्टर सरळ बॅटरीला जोडलेला दिसतो. एमिटर व जमीन यांमध्यें रोधक आडवा येतो. परंतु बदलत्या संकेताच्या दृष्टीनें बॅटरी ही जमीनच होय, आणि रोधकाशेजारीं पुरेसा मोठा कंडेन्सर असल्यास संकेताला तीही वाट मोकळी असते. म्हणून ‘सामायिक’ हा शब्दच अधिक यथार्थ.

आकृतींत प्रथम संकेत कोठें शिरतो तें पाहावें, मग कोठून निघतो तें. उरलेलें टोंक सामायिक. बेसवर शिरून कलेक्टरवरून निघाला तर सामायिक एमिटर, आणि येथें संकेत उलटा होतो. एमिटरवर शिरून कलेक्टरवरून निघाला तर सामायिक बेस. बेसवर शिरून एमिटरवरून निघाला तर सामायिक कलेक्टर. येथें दाब वाढत नाहीं, प्रवाह वाढतो. जमिनीचें चिन्ह शोधीत बसणाऱ्याला जें सांपडत नाहीं, तें संकेताच्या मागें जाणाऱ्याला सहज सांपडतें.