बंदुकीवरचा नंबर रंगाने ठळक करणं म्हणजे काय? कायदा काय सांगतो?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात पिकाच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांनाही हे नवं नाही. त्या वेळी परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळवला जातो. जुन्या बंदुकीवरचे आकडे तेल आणि मळाने बुजले असतील, तर इंग्रजी तीन आहे की आठ, हेच कळत नाही. अशा वेळी एक जुना उपाय वापरला जातो. कोरलेल्या अक्षरांमध्ये रंग भरायचा.

बंदुकीवर काय काय कोरलेलं असतं?

उत्पादकाचं नाव, अनुक्रमांक, बोअर, नळीची चाचणी झाल्याची खूण आणि सेफ्टीच्या खटक्याजवळचं चिन्ह. शस्त्रावर नाव कोरण्याची पद्धत जुनीच आहे. १५४९ मध्ये अहमदनगरात ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ याचं उदाहरण. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमी याचं नाव तिच्यावरच्या लेखामुळेच आज माहीत आहे.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह खोडणं, काढणं, बदलणं किंवा बनावट करणं गुन्हा आहे. ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकता किंवा दुसऱ्याला देताही येत नाही.

यातली सर्वात महत्त्वाची बाब अशी, की ज्याच्या ताब्यात नंबर खोडलेली बंदूक सापडते, त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून नंबर वाचता येणं ही मालकाच्याच हिताची गोष्ट आहे.

रंग कसा भरतात?

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री केली जाते. मग कोरीव भागातलं तेल आणि मळ मऊ ब्रश व स्पिरिटने काढतात, कारण तेलकट धातूवर रंग धरत नाही. त्यानंतर इनॅमल रंग किंवा मेणाचा खडू खाचांमध्ये दाबून भरतात. वर पसरलेला जास्तीचा रंग सपाट पुठ्ठ्यावर ताणलेल्या कापडाने आडवा पुसून घेतात. कापड सैल असेल, तर ते खाचेत शिरून आतलाही रंग काढतं.

काळ्या नळीवर पांढरा रंग सर्वात स्पष्ट दिसतो. सेफ्टीच्या चिन्हासाठी अनेकदा लाल वापरतात. बंदूक झाडण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे त्यामुळे चटकन लक्षात येतं.

मेण नंतर सहज काढता येतं, त्यामुळे जुन्या किंवा वारशाने आलेल्या बंदुकीसाठी तेच बरं. थिनर मात्र लाकडी दस्त्यावर सांडला, तर पॉलिश उतरतं.

काय टाळावं?

नंबर दिसावा म्हणून सँडपेपर किंवा तारेचा ब्रश घासणं ही सर्वात महागात पडणारी चूक. यात धातूच झिजतो आणि उथळ आकडे कायमचे जातात. पुढे ते मुद्दाम खोडल्यासारखे दिसतात. अस्पष्ट आकडा स्वतः पुन्हा कोरणंही टाळावं, कारण तो फेरफार ठरू शकतो. संपूर्ण नंबर झाकेल असा रंगाचा जाड थरही नको. रंग फक्त खाचेत राहावा. खाचेत ओल राहिली, तर रंगाखाली गंजही वाढतो.

नंबर वाचताच येत नसेल तर?

तपासणीची वाट न पाहता, काहीही घासण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवणं योग्य. ग्रामीण भागात हे काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होतं. मूळ परवाना आणि खरेदीची पावती सोबत असावी. दुरुस्ती लागलीच, तर ती परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावी.

खोडलेला नंबर दरवेळी कायमचा जातोच असंही नाही. ठोकून उमटवलेल्या आकड्याखालचा धातू दाबला गेलेला असतो. वरचा थर घासला, तरी रसायनाच्या साहाय्याने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो आकडा अनेकदा पुन्हा दिसू शकतो. रंग भरणं याच्या नेमकं उलट आहे. त्यात धातूला हात न लावता, आहे तोच नंबर वाचण्याजोगा होतो.