टर्की

नशा तुटली की गर्दुल्याच्या अंगाची जी दैना होते, तिला पुण्या-मुंबईकडच्या व्यसनींच्या बोलीत 'टर्की' म्हणतात. हा शब्द अमेरिकेतून आलेला. पश्चिम बर्लिनमधल्या पोरांनीही तोच उचलला होता, हे मला 'क्रिस्टियाने एफ.'मुळे कळले.

उली एडेल यांचा हा चित्रपट १९८१ चा. काय हेरमान व होर्स्ट रीक या पत्रकारांनी एका मुलीची खरी हकीगत तिच्याकडूनच ऐकून १९७८ साली पुस्तकरूपाने मांडली होती; चित्रपट त्यावरच बेतलेला. क्रिस्टियाने तेराव्या वर्षी हेरॉइन घेऊ लागली. तिचा मित्र डेटलेफही त्यातच. पुढे दोघे ठरवतात, आता सोडायचे, आणि तिच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात. ओकाऱ्या, घाम, हातापायांना पेटके, किंकाळ्या. मी दोनदा मान फिरवली. पण ती दोघे त्यातून निभावतात! मग, नुसते पाहून येऊ म्हणून, 'बानहोफ त्सू' या आपल्या जुन्या अड्ड्याच्या स्टेशनावर जातात; आणि पुन्हा सुई.

तिथे मला आमच्या इंदूरच्या गल्लीतला एक मुलगा आठवला. १९८८ साली त्याच्या आईने त्याला माडीवर आठ दिवस ठेवून घेतले होते. नवव्या दिवशी तो पान खायला म्हणून नाक्यावर गेला, तो रात्री परतला तसाच होऊन. "पोरात जिद्दच नाही हो," असे मी त्या माऊलीला तोंडावर म्हणालो होतो.

खरे तर अंगाची टर्की साधारण आठवड्यात ओसरते. मेंदूला पडलेली ओढ महिनोन् महिने राहते, आणि जुनी जागा, जुने सोबती दिसताच ती उसळते. त्यातून शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून पूर्वीइतकीच मात्रा आता जीव घेऊ शकते. जगाला हे उशिरा उमगले. ज्या जर्मनीतली ही पोरे, तिथल्याच बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून विकायला काढले होते; मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असा तेव्हा समज होता. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते, ती आमच्या माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, आजही सरकारी परवान्याने पिकते.

१९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा हातभार होता. तिथे टर्की उतरणे ही उपचाराची नुसती सुरुवात. खरे काम त्यानंतरचे, आणि त्यात घरच्यांनाही बसवतात. आम्हा शेजाऱ्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

क्रिस्टियानेला आईने शेवटी बर्लिनपासून दूर, हॅम्बर्गजवळच्या खेड्यात नातेवाइकांकडे पाठवले. तरीही पुढच्या आयुष्यात हेरॉइन तिच्याकडे पुन्हा पुन्हा आले; २०१३ च्या आत्मकथनात तिने ते लपवलेले नाही.

आमच्या गल्लीतले ते कुटुंब घर विकून गेले. कुठे, ते मी कधी विचारलेही नाही.